स्रोत क्रमांक चौदा

भोर,
१२ जानेवारी २०२६

चि. प्रगती ढेबे हिस,
अनेक आशीर्वाद.

कॉलेजातल्या मॅडमचं पोस्टानं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. तुझ्या वर्गातल्या अठ्ठावीस जणांना मी असंच पत्र घातलं आहे.

नव्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाला एकशेवीस तास बाहेर प्रत्यक्ष काम करायचं आणि त्याचा अहवाल द्यायचा, हे तुला माहीत आहेच. गेल्या वर्षी माझ्याकडे एकतीस अहवाल आले. त्यातल्या चोवीस अहवालांचं पहिलं वाक्य एकच होतं : ‘आजच्या गतिमान युगात अनुभवाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ मुलांनी मोबाईलला सांगितलं, मोबाईलनं लिहून दिलं. रागावणार तरी कुणावर? मी मागत होते तेच असं होतं की ते कुणीही लिहावं.

म्हणून यंदा अहवाल नको. दर पंधरा दिवसांनी मला एक पत्र लिहायचं, स्वतःच्या हातानं. काय पाहिलंस, कोण भेटलं, आणि मुख्य म्हणजे काय समजलं नाही, ते लिही. प्राचार्यांना हा माझा हट्ट वाटतो. वाटू दे.

तू किकवीला मामांकडे राहून शिवऱ्याच्या गोदामात जाणार, असं यादीत आहे. पत्राची वाट बघते.

तुझी,
सौदामिनी गुप्ते
(अर्थशास्त्र विभाग)

*

किकवी,
२६ जानेवारी २०२६

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

मी शिवऱ्याच्या गोदामात रुजू झाले. मला ऑफिसमध्ये संगणकावर काम दिले आहे. माझ्या टेबलाजवळ खिडकी आहे. तिच्यातून हायवेवरचे ट्रक दिसतात. सुलक्षणा मॅडम म्हणून माझ्या वरिष्ठ आहेत. त्या रोज एक नवीन गोष्ट शिकवतात. आलेल्या मालाची नोंद कशी करायची हे मी शिकले.

न समजलेली गोष्ट लिहायला तुम्ही सांगितले होते. किकवीतल्या एका दुकानाने मागवलेले खोके मी पाहिले. ते आमच्याकडून आधी नागपूरला गेले आणि तिथून परत शिवऱ्याला येऊन मग किकवीला गेले. शिवरे ते किकवी मी बसने रोज जाते, फार वेळ लागत नाही. मग खोक्याला नागपूर कशाला लागते, ते मला समजले नाही. सुलक्षणा मॅडमनाही माहीत नव्हते.

मामा-मामी माझी काळजी घेतात. बाकी सर्व ठीक.

आपली विद्यार्थिनी,
प्रगती ढेबे

*

भोर,
४ फेब्रुवारी २०२६

प्रिय प्रगती,

तुझं खोकं फार आवडलं! पत्र मी वर्गात वाचून दाखवलं आणि स्टाफरूममध्ये प्राचार्यांनाही ऐकवलं. म्हटलं, बघा, असा प्रश्न मोबाईल विचारेल का? तेही हसले. एवढ्या एका खोक्यावर मी अख्खा तास घेतला. तुझ्या सुलक्षणा मॅडमना माझा नमस्कार सांग.

एक बातमी देते, तुझ्या गावाकडची आहे. पुण्यातली एक नवी कंपनी आणि आपलं कॉलेज मिळून एक प्रकल्प करतायत. डोंगरातल्या लोकांना गुराढोरांच्या दुखण्यावर जे उपाय ठाऊक असतात, ते त्यांच्याच तोंडून चित्रित करून एका अॅपवर आणायचे. ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणून नव्या धोरणात त्याला मोठी जागा आहे. कॉलेजकडून समन्वयक मी. मार्चमध्ये माणसं वेल्ह्याच्या वरच्या वस्त्यांवर जातील. तुझ्या आजीसारख्यांचं म्हणणं अखेर कॉलेजपर्यंत पोचणार, याचा मला मनापासून आनंद आहे.

पुढचं पत्र लवकर लिही.

तुझी,
सौदामिनी गुप्ते

*

ढेबेवस्ती, ता. वेल्हे,
१३ फेब्रुवारी २०२६

मॅडम,

माझं पत्र तुम्ही वर्गात वाचलं, प्राचार्यांना ऐकवलं. म्हणून खरं लिहिते. बोलते तसंच लिहिते, चुका झाल्या तर माफ करा.

खिडकी नव्हती. सुलक्षणा मॅडम म्हणून कुणी नाही. संगणकाला मी हात लावला नाही. फक्त खोकं खरं होतं, कारण त्याच्यावर पट्टी मीच चिकटवली होती, जाताना आणि येताना.

पहिल्या दिवसापासून मला पट्ट्या चिकटवायला उभं केलं. दहा तास. बसायचं नाही. चौथ्या दिवशी मी सुपरवायझरला विचारलं, “सर, ऑफिसचं काम कधी शिकवणार?” तो म्हणाला, “तुमच्या कॉलेजनं हात पाठवलेत. डोकं आमी मागवलंच नव्हतं.” बाकीच्या पोरी हसल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांना सवय झाली होती. पाचव्या दिवसापासून मी गेलेच नाही. मामांना वाटायचं मी कामावर जाते, आणि मी स्टँडवर बसून राहायचे. तुम्हाला पत्र तिथंच लिहिलं.

मग घरी वर निघून आले. हे दिवस शेरडं व्यायचे. माझी आजी बनाबाई, तिची बेचाळीस शेरडं आहेत. तिचे गुडघे गेलेत, तर मी तिच्या हाताखाली आहे. पिल्लू दूध ओढत नसलं तर काय करायचं, कोणती शेळी पिल्लाला जवळ घेत नाही, ते शिकतेय. न समजलेलं लिहायचं तर हे आहे : सकाळी वाड्याचं झापं उघडायच्या आधीच आजी सांगते, “कोपऱ्यातली ती काळी आज चरायची न्हाई.” नुसत्या आवाजावरनं. आणि तसंच होतं. मी कान देऊन ऐकते, मला सगळ्यांचं ओरडणं एकच वाटतं.

मॅडम, हे तास धरता येतील का?

प्रगती

*

भोर,
२० फेब्रुवारी २०२६

प्रगती,

पत्र दोनदा वाचलं. गोदामात तुझ्याशी जे झालं ते वाईट झालं. त्यांच्याकडे पुढच्या वर्षी मुलं पाठवणार नाही. पण तू पाचव्या दिवशीच मला सांगायला हवं होतंस. मी तुझं पत्र मिरवत फिरले. आता स्टाफरूममध्ये कुणी खोक्याचं नाव काढलं की मला दुसरीकडे बघावं लागतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. फॉर्मवर संस्थेचा नोंदणी क्रमांक लागतो, प्रमुखाची सही आणि शिक्का लागतो. तुझ्या आजीचा नोंदणी क्रमांक मी काय लिहू? आणि राग मानू नकोस, पण शेरडं राखायलाच शिकायचं होतं तर कॉलेजात कशाला आलीस?

उत्रोलीला एका भातगिरणीच्या ऑफिसात मी बोलून ठेवलं आहे. २ मार्चला हजर हो. तिथे बसायला खुर्ची मिळेल, एवढी खात्री करून घेतली आहे.

सौदामिनी गुप्ते

*

ढेबेवस्ती,
१६ मार्च २०२६

मॅडम,

मी उत्रोलीला गेले नाही. तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकला होता, तो मी वाया घालवला, याचं वाईट वाटतं. पण तुमचं ते शेवटचं वाक्य मनात बसलं होतं. उत्तर सुचत नव्हतं म्हणून लिहिलं नाही. आता जे घडलं ते सांगते.

गेल्या सोमवारी तुमच्या प्रकल्पाची माणसं आमच्या वस्तीवर आली. मंदार म्हणून एक दादा आणि कॅमेऱ्याचा एकजण. चढण चढून दमले होते, आजीनं ताक दिलं. मंदारदादा चांगले आहेत बोलायला. आजी खूश. दोन दिवस ती बोलत होती. गाभण शेळीला काय द्यायचं, काय द्यायचं नाही, पाय सुजला तर काय, तोंड आलं तर कोणता पाला वाटून जिभेला लावायचा. (पाल्याचं नाव मी इथं लिहीत नाही. का ते पुढं कळेल.)

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कागद काढला. चार पानं, सगळी इंग्रजीत. म्हणाले, “आजी, इथं अंगठा द्या, झालं.”

आजी म्हणाली, “पोरगी वाचंल.”

“अहो, नेहमीचाच फॉर्म आहे तो.”

“व्हय, पर पोरगी कालेजात हाय. वाचू द्या तिला.”

मी दुपारभर वाचत बसले. काही शब्द अडले, तेव्हा टेकडावर रेंज येते तिथं जाऊन बघून आले. त्यात असं होतं : सांगणाऱ्यानं सांगितलेलं सगळं, त्याचं चित्रण आणि त्यातून पुढं जे तयार होईल ते, कायमचं कंपनीचं. सांगणाऱ्यानं हीच माहिती परत दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आणि सांगणाऱ्याचं नाव कुठंच येणार नाही. नावाच्या जागी छापलं होतं ‘स्रोत क्र. १४’.

मी मंदारदादांना विचारलं, “उद्या शेजारच्या वस्तीवरची सखूबाई तिची शेळी घेऊन आली, तर आजीनं पाला सांगायचा का नाही?”

“तसं कोण अडवणार आहे गं?”

“मग लिहिलंय कशाला?”

ते म्हणाले, “खरं सांगू का, मी शूटिंग करतो. कागद ऑफिस बनवतं.”

मी आजीला सगळं मराठीत सांगितलं. तिनं विचारलं, “चौदा म्हंजी मी?” म्हटलं, हो. ती म्हणाली, “सांगाया माझं काय जातंय? आजवर कुणाला न्हाई म्हनले न्हाई मी. पर उद्या ह्येच पुडीत घालून मलाच इकतील, आन् वर म्हंतील तू कुनाला सांगू नगं.” तिनं अंगठा दिला नाही.

तेव्हा मंदारदादा म्हणाले, “अगं, तुमच्याच कॉलेजनं मंजूर केलाय हा फॉर्म.” आणि शेवटचं पान उलटून, मी न बघितलेली मागची बाजू दाखवली. ‘भागीदार महाविद्यालयाच्या वतीने, वाचून मान्य.’ खाली सही. तीन वर्षं माझ्या वह्यांवर बघितलेली.

मी चारही पानं हातानं उतरवून घेतली आहेत, सोबत पाठवते.

मॅडम, तुम्ही तो वाचला होता का?

प्रगती

*

भोर,
२३ मार्च २०२६

प्रिय प्रगती,

नाही. वाचला नव्हता.

त्या दिवशी माझ्यापुढे अकरा कागद होते. शिपाई उभा होता, गाडी पुण्याला निघायची होती. ‘वाचून मान्य’ याच्याखाली मी न वाचता सही केली. तू उतरवलेली पानं आता ओळ न् ओळ वाचली. तीन वर्षं मी तुम्हाला फळ्यावर मक्तेदारीची व्याख्या लिहून दिली. तू ती कागदात ओळखलीस. मला माझ्याच हाताखाली ओळखता आली नाही.

शेरडं राखायला कॉलेज कशाला, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मी परत घेते. ते लिहायला नको होतं.

पानं घेऊन प्राचार्यांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. म्हणाले, “मॅडम, ऑगस्टमध्ये मूल्यांकनाची समिती येतेय. इतिहासाला यंदा सहा मुलं आहेत. मुलं म्हणतात, सगळं मोबाईलवर मिळतं, तुमच्याकडे यायचं कशाला? कंपन्यांशी करार नसले तर आपल्याला कोण विचारणार? बदललो नाही तर कुलूप लागेल.”

मी म्हटलं, “सर, बदलायला हवंच. पण आपण एका हातानं पोरं गोदामाला दिली आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या आज्या कंपनीला दिल्या. मध्ये आपण काय केलं? सही केली.”

ते म्हणाले, “नुसती तक्रार नको. लोकांना काय हवंय ते लेखी आणा, मी कंपनीशी बोलतो.”

म्हणून तुला विचारते. त्या फॉर्मचं सरळ, बोलीतलं मराठी कर. आसपासच्या वस्त्यांवर वाचून दाखव. लोक काय म्हणतात ते, जसं म्हणतात तसं, लिहून आण. याचे तास तुला मिळतील का, मला माहीत नाही. मिळतील असं खोटं सांगून तुला कामाला लावणार नाही. करावंसं वाटलं तरच कर.

तुझी,
सौदामिनी गुप्ते

*

ढेबेवस्ती,
६ एप्रिल २०२६

आदरणीय मॅडम,

सहा वस्त्यांवर वाचून आले. काही ठिकाणी माणसं दुपारची आडवी झाली होती, ती उठून बसली. दोन वस्त्यांवर मंदारदादा आधीच जाऊन आले होते आणि तिथं नऊ जणांनी अंगठे दिले होते. कुणालाच माहीत नव्हतं कशाला दिले. एकाला वाटलं होतं, गुरांच्या डॉक्टरची गाडी येणार.

सगळ्यांचं एक मत झालं नाही. सखूबाई म्हणाली, “माझं नाव नगं, मालक वरडतील.” एक म्हातारा म्हणाला, सगळं फुकट देऊन टाका, मेल्यावर काय करायचंय. पण बहुतेकांनी तीन गोष्टी सांगितल्या. ज्याला हवं त्याचं नाव घाला. चित्रणाची एक प्रत वस्तीला द्या. आणि यातून औषध करून विकलं तर आम्हाला विचारा, वाटणी द्या. ‘दुसऱ्या कुणाला सांगू नये’ हे तर काढूनच टाका, असं सगळेच म्हणाले.

आजीची आणखी एक अट आहे. जिनं सही केली त्या बाईनं वर यावं.

तुम्ही याल का? वेल्ह्यापर्यंत एसटी आहे. तिथून दुधाचा टेम्पो फाट्यावर सोडतो, पुढं दीड तास चालायचं. सकाळी लवकर निघा, ऊन लागतं.

आपली,
प्रगती

*

भोर,
४ मे २०२६

प्रिय प्रगती,

घरी पोचल्यावर दोन दिवस पाय उचलत नव्हते. तरी आले याचं समाधान आहे. उंबऱ्यात बसलेल्या तुझ्या आजीनं मला बस म्हणायच्या आधी विचारलं, “तुमाला वाचाया येतं न्हवं?” मी म्हटलं, येतं. “मंग वाचायचं.” बावीस वर्षांच्या नोकरीत मला इतक्या थोडक्यात कुणी समज दिली नव्हती. मी माफी मागितली, तर त्यांनी ती बाजूला सारून ताकाचं भांडं पुढं केलं. त्या सकाळी त्यांनी मलाही वाड्याशी उभं करून शेरडांचा आवाज ऐकवला. मलाही सगळ्यांचा एकच वाटला.

आता इकडचं. कंपनी दोन बैठकांनंतर वाकली. नावं घालणार, प्रती देणार, ‘दुसऱ्या कुणाला सांगू नये’ हे काढलं. आधीचे नऊ अंगठे रद्द. वाटणीचं मात्र ‘पुढे पाहू’ म्हणतात. नवा फॉर्म मराठीत आहे. प्राचार्यांनी तो माझ्यासमोर मोठ्यानं वाचला, मग सही केली.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातंय. तुझे तास मी कॉलेजच्या परीक्षा समितीपुढे ठेवले. तुझी पत्रं, सहा वस्त्यांच्या नोंदी, तू केलेलं भाषांतर, सगळं ठेवलं. पाचांपैकी तिघांनी नाही म्हटलं. ‘काम उत्तम आहे, पण संस्था नाही.’ मी माझं विरोधी मत लेखी दिलं, पण निकालावर त्याचा परिणाम होत नाही. तुझ्या गुणपत्रिकेवर ‘अपूर्ण’ असं येईल. माझ्या हातून हे होऊ शकलं नाही, प्रगती. तू सुरुवातीला खोटं लिहिलंस, ते मी कधीच सोडून दिलं. आणि माझ्या न वाचता केलेल्या सहीची शिक्षा मला काहीच झाली नाही, हे मला डाचत राहतं.

वेल्ह्याच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलले आहे. ते तुला जूनपासून घ्यायला तयार आहेत. त्यांच्याकडे शिक्का आहे. एवढे तास पुरे कर, म्हणजे सप्टेंबरात पदवी हातात येईल. फॉर्मवर ‘संस्था’ऐवजी ‘संस्था किंवा व्यक्ती’ असं असावं, हे मी विद्यापीठाला लिहिलं आहे. उत्तर नाही. पुन्हा लिहीन.

तुझी,
सौदामिनी गुप्ते

*

वेल्हे,
२२ जून २०२६

आदरणीय मॅडम,

‘अपूर्ण’ बघून मी रडले, लपवत नाही. वर्गातल्या सगळ्यांचे निकालाचे फोटो आले होते. माझे वडील दिवसभर कुंपणाचं काम करत राहिले. पण दवाखान्यात रुजू झाल्यावर बरं वाटतंय. डॉक्टर मला बाहेरगावी सोबत नेतात. लसीचं वेळापत्रक लोकांना समजेल असं मी मराठीत लिहून भिंतीला लावलंय. परवा त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे तोंड आलं की काय करतात? मी म्हटलं, आजीला विचारून सांगते.

नवा फॉर्म घेऊन तुमच्या कॉलेजातली श्रावणी आणि आणखी एक मुलगी वस्तीवर आल्या होत्या. मीही रविवार धरून गेले होते. आजीनं पहिले तीन दिवस त्यांना मोबाईल बाहेर काढूच दिला नाही. “आदी शेरडं वळखा, मंग बोलू.” श्रावणी भोरच्या बाजारपेठेत वाढलेली, बोकड अंगावर आला की भिंतीवर चढायची. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतःहून एक पिल्लू आईखाली लावलं आणि ते प्यायलं. तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता.

मग आजीनं सांगायला सुरुवात केली. त्या एका पाल्याचं सोडून सगळं सांगितलं. “वाटनीचं लिवून आना, मंग त्येबी सांगते. पळून चालले न्हाई मी.”

शेवटी फॉर्म भरायला बसलो. नाव लिहिलं : बनाबाई विठू ढेबे. गाव, तालुका लिहिलं. पुढं रकाना होता ‘हुद्दा’. श्रावणीनं पेन थांबवलं. म्हणाली, “शेतकरी लिहू? का पशुपालक?”

आजीनं विचारलं, “तुमच्या बाईचं काय लिवत्यात त्या जागी?”

“मॅडमचं? अध्यापक.”

“ती काय करती?”

“शिकवतात आम्हाला.”

“मंग ह्ये चार दीस मी काय केलं?” आजी म्हणाली. “तेच लिव.”

श्रावणीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिही. तिनं लिहिलं, आजीनं अंगठा दिला.

मॅडम, तो फॉर्म आता तुमच्या ऑफिसात पोचला असेल. कुणी तो शब्द खोडला तर मला कळवा. मी खाली येईन.

आपली,
प्रगती